केळझरचा तलाव आणि बुधाबाईची ढोली

तीन रविवार आम्ही तलावाचा बेत केला आणि तिन्ही रविवार आभाळाने तो मोडला. पहिल्यांदा धुळीचं वादळ, दुसऱ्यांदा सकाळपासून झाकोळ, तिसऱ्यांदा तर स्टेशनपर्यंत जाऊन भिजून परत आलो. चांद्याचं ऊन साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. पण ऐन चैत्रात मध्येच हा जो अवकाळी धिंगाणा चालतो, त्याची खबर इथे बदलून येणाऱ्याला कोणी देत नाही. चौथ्या रविवारी ह्यांनी जाहीर केलं की आता गारा पडोत नाही तर धोंडे, आपण जायचंच.

‘हे’ म्हणजे आमच्या घरचे कर्ते पुरुष. कचेरीत कारकून आहेत, अत्यंत टापटिपीचे, आणि आपलं चुकलं असं त्यांना सहसा वाटत नाही. मुलं दोन. कुंदा सात वर्षांची, बाळू चार वर्षांचा. महिन्याच्या पगारात नागपूरची सहल बसत नाही, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं एखादं ठिकाण बसतं. कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं होतं की केळझर स्टेशनवर उतरून दोनेक मैल चाललं की जंगलात एक जुना तलाव आहे, काठाला मोठा वड आहे, पाण्यात कमळं आहेत. कुंदाने तेव्हापासून कमळांचा ध्यास घेतला होता.

लहान मुलं घेऊन निघणाऱ्या बायांसाठी सामानाची याद इथेच देऊन टाकते. तिखट-मिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, गूळ-दाणे. दहीभात नेऊ नये, दहापर्यंत आंबतो. पाण्याला फिरकीचा तांब्या. मुलांचे कपड्यांचे दोन जोड, एक मेणकापड, एक सतरंजी आणि छत्री. छत्री ह्यांच्या हातात असते आणि पावसापेक्षा ती इकडेतिकडे दाखवायलाच जास्त उपयोगी पडते. चौघांचं जाण्यायेण्याचं भाडं मिळून दोन रुपयांच्या आत झालं. बाळूला तीनच वर्षांचा सांगून फुकट नेता आलं असतं, पण ह्यांनी खिडकीवर त्याची जन्मतिथी सांगून अर्धं तिकीट काढलं.

चांदा फोर्टहून सुटणारी ही छोटी गाडी मुलांसाठी फारच सोयीची. डबे लहान, बाकं ठेंगणी, वेग इतका बेताचा की बाहेरचं एकेक झाड नीट पाहून होतं. पळस बहरून झडत आला होता. बाळूने दोन माकडं आणि एक मोर मोजला; मोर मला दिसला नाही, पण तो होता असं आम्ही मान्य केलं. केळझरला उतरलो तेव्हा ऊन कोवळंच होतं आणि आकाशात बोटभरसुद्धा ढग नव्हता. ह्यांनी छत्रीचं टोक वर करून मला ते दाखवलं.

स्टेशनामागची पायवाट जंगलात शिरते. मैलभर गेल्यावर बाळूचे पाय दुखले, कुंदाला भूक लागली, आणि नेमकं तिथेच एक भलं मोठं झाड आलं. त्याच्या सावलीतली जमीन इतकी स्वच्छ की आमच्या अंगणाने लाजावं. पालापाचोळा नाही, काटाकुटा नाही. कुणीतरी झाडून, पाला जाळून जागा अगदी चकचकीत करून ठेवली होती. जमिनीवर पिवळसर पांढरी, रसाळ फुलं पडली होती आणि हवेत गोडसर, जरा डोक्यात चढणारा वास होता.

‘‘बघ, लोकांना स्वच्छतेची आवड असते ती अशी,’’ हे म्हणाले आणि सतरंजी पसरून मोकळे झाले. मुलांनी फुलं तुडवली, वेचली, एकमेकांच्या डोक्यावर उधळली. मी पुऱ्यांचा डबा उघडला.

तेवढ्यात मागे कुणी तरी उभं असल्यासारखं वाटलं. पस्तिशीची एक बाई होती. डोक्यावर टोपली, कमरेला घट्ट लुगडं. रागावली नव्हती, पण घाईत होती.

‘‘बाई, जरा उठता काय जी? मोव पडून राह्यला, तुमच्या सतरंजीखाली दबून राह्यला.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ध्याकडच्या माझ्या माहेरी मोहाची फुलं पाहिली होती, पण मोहाखालची जमीन कुणी वेचणीसाठी झाडून ठेवतं हे ठाऊक नव्हतं. तिने वेचता वेचताच सांगितलं, की इथे झाडं ठरलेली असतात. ह्या झाडाचा मोह तिच्या घरचा, पलीकडच्याचा तिच्या दिराचा, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. पहाटेपासून दहापर्यंत फुलं गळतात. अस्वलांनाही ती आवडतात, म्हणून अंधारात एकटंदुकटं येत नाहीत. तिचं नाव बुधाबाई. नवरा बांबूच्या कामावर कूपात, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या जागी गेलेला, घरी ती आणि म्हातारा सासरा.

‘‘मग याची दारू काढता?’’ ह्यांनी विचारलं. मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

‘‘काढते कोनी कोनी,’’ ती म्हणाली. ‘‘आमी खातो जी. पावसाच्या दिवसात घरात धान नाई राहत, तवा हाच मोव उकडून खातो. नवा धान येपर्यंत ह्याच्यावरच राहा लागते. उरला तं बजारात देऊन मीठ आनतो.’’

आम्ही सगळे उठलो आणि वेचू लागलो. दुसरं काय करणार! आम्ही तुडवलेली फुलंसुद्धा ती झटकून टोपलीत टाकत होती. कुंदा भराभर वेचायची, बाळू एक वेचायचा आणि एक खायचा. टोपली भरली तशी बुधाबाई म्हणाली, ‘‘घर इथीच हाये, चला. लेकराईले थंड पानी पाजते. तलाव काई पळून नाई जात.’’

तलाव पळून गेला नाही, पण आम्हाला दिसलाही नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आठ-दहा घरांचा पाडा. बुधाबाईचं अंगण शेणाने सारवलेलं आणि त्यात मोहाचे तीन पट्टे वाळत घातलेले. एका टोकाला आजचा ओला टाकायचा, मधे कालपरवाचा, तांबूस झालेला, आणि दुसऱ्या टोकाला पुरता वाळलेला, मनुकांसारखा. घरात बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली कणगी होती. इकडे तिला ढोली म्हणतात. वाळलेला मोह तिच्यात भरायचा. ढोली निम्म्याहून जास्त भरली होती. पंधरा-वीस दिवसांची पहाट त्यात होती.

म्हातारा सासरा ओसरीवर दोर वळत बसला होता. त्याने आभाळाकडे न पाहताच सांगितलं, ‘‘आज दुपारी गारा येतीन जी. पोरं घेऊन तिकडे जाऊ नोका.’’

‘‘आजोबा, एक ढग नाही,’’ हे म्हणाले आणि छत्री वर केली.

‘‘सकाळी मोव बरोबर नाई पडला,’’ म्हातारा म्हणाला. ह्यांना त्याचा अर्थ कळला नाही आणि मलाही नाही. पण मुलं पाणी पिऊन, भाजलेला मोह खाऊन तिथेच पेंगली, म्हणून आम्ही थांबलो. तासा-दीड तासाने पश्चिमेकडे काळंभोर झालं. पाडाभर एकच आरडाओरडा उठला.

बुधाबाई पाण्याची घागर टाकून धावली. आम्हीही धावलो. वारा असा की सुपातला मोह उडायला लागला. आमची सतरंजी, मेणकापड, ह्यांचा खांद्यावरचा पंचा, सगळं कामाला आलं. मी आजचा ओला मोह टोपल्यांत भरत होते, बुधाबाई वाळलेला झाडून गोळा करत होती, म्हातारा ओसरीवर कुंदाच्या हातात सूप देऊन तिला काहीबाही सांगत होता. हे मधला पट्टा उचलून घरात नेत होते. अंगावर पहिली गार बसली तेव्हा अंगण रिकामं झालेलं होतं. ह्यांचा चेहरा लढाई जिंकलेल्या शिपायासारखा झाला होता.

मग अर्धा तास गारा पडल्या. बोराएवढ्या, काही सुपारीएवढ्या. बाळूने हातात धरून चोखल्या. आम्ही हसत होतो. बुधाबाई मात्र दारात उभी राहून झाडांकडे पाहत होती. पाऊस उघडल्यावर ती म्हणाली, ‘‘झाडावरचा गेला. कळ्या सगळ्या झडल्या असतीन. आता घरात हाये तेवढाच ह्या वर्षाचा.’’

दोन वाजून गेले होते, परतीची गाडी तीनच्या आसपास होती, आणि ओल्या वाटेने मुलांना घेऊन चालायचं होतं. आम्ही निरोप घेतला. बुधाबाईने कुंदाच्या ओच्यात मूठभर वाळला मोह घातला. ह्यांनी दोनदा मागे वळून हात केला.

वाटेत ह्यांची कळी खुलली होती. कचेरीत सोमवारी ही हकीकत कशी सांगायची, याची तयारी चालली होती. मधेच कुंदाने विचारलं, ‘‘आई, कालचा मोह ढोलीत टाकला तर सगळा का सडतो?’’

‘‘कोण म्हणालं तुला?’’

‘‘आजोबा म्हणाले. थोडा जरी ओला गेला तरी आत गरम होतो आणि सगळा काळा पडतो. म्हणून मधला वेगळा ठेवायचा.’’

मी थांबले. ‘‘अहो, मधला पट्टा तुम्ही नेलात ना? कुठे ठेवलात?’’

‘‘ढोलीत,’’ हे म्हणाले. ‘‘दुसरीकडे जागा कुठे होती? आणि नुसता वरवर नाही ओतला. छत्रीने तळापर्यंत ढवळून, बसवून दिला. अगदी काठोकाठ.’’

ह्यांनी छत्रीच्या टोकाकडे पाहिलं. मग हे म्हणाले, ‘‘एवढ्याशाने काही होत नाही. आणि ती बघेलच की.’’

‘‘ती बघेल तेव्हा तो कुजलेला असेल. ऐकलंत ना ती काय म्हणाली? घरात आहे तेवढाच.’’

‘‘गाडी चुकेल.’’

‘‘चुकू दे.’’

‘‘लहान पोरं आहेत, पुन्हा आभाळ भरलं तर? जंगल आहे हे. तू विचार कर जरा!’’ ह्यांचा आवाज चढला. तो असा चढतो तेव्हा आत कुठेतरी गडबडलेले असतात, हे मला ठाऊक आहे.

मला राग आला होता, तो ह्यांचा कमी आणि माझा जास्त. तिच्या झाडाखाली बसलो, तिचं पाणी प्यायलो, आणि जाताना तिचं वर्ष ढवळून आलो. मी म्हटलं, ‘‘तुम्ही पोरांना घेऊन गाडीने जा. मी जाते परत.’’

लांबून इंजिनाची शिटी ऐकू आली. अजून गाठता आली असती. हे दोन पावलं स्टेशनच्या दिशेने गेले, थांबले, बाळूला उचलून खांद्यावर घेतलं आणि मागे वळले. पाड्यापर्यंतची सगळी वाट हे माझ्यापुढे चालत होते.

आम्ही अंगणात पोचलो तेव्हा बुधाबाई घरात जमिनीवर बसली होती. ढोली आडवी केलेली. सगळा मोह पसरलेला. एकेक फूल बोटांनी चाचपून ती दोन ढीग करत होती.

‘‘काऊन जी? गाडी गेली का?’’ तिने विचारलं.

मी म्हटलं, ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘पाह्यलं ना मी. भाऊ छत्री घालून ढवळत होते.’’ तिला किंचित हसू आलं.

‘‘मग तेव्हाच का नाही बोललात?’’

‘‘पावना मानूस सोताची लेकरं सोडून आमचा मोव उचलून राह्यला. त्याले काय म्हनू? तुमाले गाडी गाठाची होती. मी करते म्हटलं, हळूहळू.’’

हळूहळू! एकटीने तो ढीग निवडायला तिला तीन दिवस लागले असते, आणि तोवर अर्धा आंबला असता. मी पदर खोचून खाली बसले. रंगावरून काही कळत नव्हतं, दोन्ही तांबूसच. चाचपूनच ओळखायचं. वाळलेला कडक लागतो, दमट बोटाला चिकटतो. माझ्या हाताला ते उमगायला वेळ लागला. कुंदाला पाच मिनिटांत जमलं. बाळूला आम्ही चिकटणारी फुलं म्हाताऱ्याच्या सुपात नेऊन टाकायचं काम दिलं आणि आश्चर्य म्हणजे त्याने ते केलं. हे एका कोपऱ्यात मांडी घालून बसले. ह्यांचे हात फायली लावणारे. एकदा लय सापडल्यावर आम्हा सगळ्यांपेक्षा भराभर चालले.

दिवस कलायला लागला तसा म्हातारा उठून सडकेकडे गेला. मूल गावाकडून चांद्याला जाणाऱ्या सडकेवरून बांबूचे ट्रक जातात, त्यातला एक त्याने थांबवून ठेवला. एक तृतीयांश ढीग तसाच राहिला होता. मी उठायला तयार नव्हते. बुधाबाईनेच मला दंडाला धरून उठवलं. ‘‘लेकराईले घरी न्या. बहुत झालं.’’

ड्रायव्हरने मुलांना आणि मला पुढे बसवलं, हे मागे बांबूंवर. भाडं घेतलं नाही. पुऱ्यांचा उरलेला डबा मात्र आनंदाने संपवला. दिवेलागणीला चांद्यात पोचलो.

आता ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. छोटी गाडी उत्तम, मुलं कंटाळत नाहीत. चैत्रात जाणार असाल तर दुपारी उघड्यावर राहू नका, आणि गावातला म्हातारा पाऊस येणार म्हणाला तर छत्रीपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. झाडाखालची जमीन झाडलेली दिसली तर ती तुमच्यासाठी झाडलेली नाही. तलाव कसा आहे ते मला सांगता येत नाही. कुंदाची कमळं राहिली, पण ती त्याबद्दल अजून एकदाही रडलेली नाही. सतरंजीला मोहाचे डाग पडलेत आणि वास दोन धुण्यांनी गेलेला नाही. मनात राहिला तो घरात पसरलेला, न निवडलेला ढीग. रात्रभर तोच डोळ्यांपुढे होता. ह्यांना मी एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर फार बोलले असते.

सोमवारी सकाळी हे नेहमीपेक्षा लवकर उठले. कोट घातला नाही. जुनं धोतर नेसले, शेजाऱ्यांच्या मुलाकडे रजेचा अर्ज दिला आणि भाकरीचं फडकं घेऊन स्टेशनच्या वाटेला लागले. लग्नाला नऊ वर्षं झाली. दोन्ही बाळंतपणांतसुद्धा ह्यांनी रजा घेतलेली मी पाहिली नव्हती. कुठे जाता असं मी विचारलं नाही.

संध्याकाळी परत आले ते हात धुवायला सरळ मोरीवर गेले. बोटं तांबडीकाळी झाली होती, साबणाने सुटत नव्हती. मी तांब्याने पाणी घालत होते. खाली मान घालून हे म्हणाले, ‘‘झाला सगळा निवडून. दोनेक सुपं काळा पडला होता, तो फेकला. बाकीचा उन्हात आहे.’’

मग बराच वेळ बोटं चोळत राहिले. ‘‘मी माफी मागितली तिची. म्हटलं, बाई, माझं चुकलं.’’

नऊ वर्षांत हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. खरं सांगते, मला बुधाबाईचा हेवा वाटला, आणि ह्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की तांब्यातलं पाणी मोरीबाहेर सांडलं. मी विचारलं, ‘‘मग? काय म्हणाली ती?’’

‘‘म्हणाली, बोलता काय जी भाऊ, हात चालवा, ऊन उतरून राह्यलं.’’